भास्करच्या नावापुढची ओळ

दिवाळी अंकाच्या संपादकांनी हा लेख माझ्याकडं पहिल्यांदा मागितला, त्याला चार-पाच वर्षं तरी झाली असतील. दर वर्षी मी काहीतरी कारण काढलं. एका वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन, एका वर्षी नातीचं लग्न. एकदा तर त्यांना टाळायचं म्हणून सरकारी दवाखान्यातल्या गमतीजमती लिहून पाठवल्या. त्या छापूनही आल्या. चार लोकांनी फोन करून हसल्याचं कळवलं. पण संपादकांना हव्या होत्या त्या निवृत्तीनंतरच्या नऊ वर्षांच्या आठवणी, नशेची सुई टोचून घेणाऱ्या माणसांच्या केंद्रातल्या. त्या लिहायला बसलो की सलीमभाईचे किस्से कागदावर भराभर उतरत, हेल्मेटवाल्या सरांचे उतरत, आणि मग भास्करचं नाव आलं की पेन थांबे. त्याला गाळून लेख पुरा होतो का, हेही मी करून पाहिलं. लेख पुरा होतो. पण तो लेख खोटा होतो. माझं वय झालं आहे, आणखी एक खोटा कागद मागं ठेवून जायची इच्छा नाही.

मी मूळचा केदारखेड्याचा. घरी बऱ्यापैकी जमीन. ती भावांनी केली आणि मी औषधनिर्माता झालो. लोक कंपाउंडर म्हणतात. पूर्वी मला त्याचा राग यायचा. तीसेक वर्षं वेगवेगळ्या सरकारी दवाखान्यांत खिडकीमागं बसून गोळ्या दिल्या. एवढ्या वर्षांत माझ्या साठ्यात एक गोळी इकडची तिकडं झाली नाही, याचा मला फार गर्व होता. हा गर्व ध्यानात ठेवा. पुढं जे झालं ते त्यातूनच झालं.

निवृत्त झालो आणि घरी करमेना. जालन्यात एका संस्थेनं केंद्र काढलं होतं. तिथं औषध कुलपात ठेवायला आणि रोज मोजून द्यायला अनुभवी माणूस हवा होता. गेलो. पहिल्याच दिवशी सलीमभाईनं माझ्यापुढं नव्या कोऱ्या सुयांचा खोका ठेवला. सलीमभाई फिल्डवरचा कार्यकर्ता. स्वतः बारा वर्षं सुई घेतलेला आणि आता सुटलेला. मी विचारलं, हे कशाला?

"वाटायला," तो म्हणाला.

"नशा करणाऱ्यांना? फुकट? म्हणजे दारुड्याला ग्लास धुऊन द्यायचा आपण?"

तो खोका उचलत म्हणाला, "काका, तुमच्या दवाखान्यात शुगरवाल्याला तुमी गुलाबजाम खाऊ नको म्हणत होते ना? तो खात होता का न्हाई?"

"खात होता."

"मंग त्याची गोळी बंद केली का तुमी?"

पुढं नऊ वर्षांत या माणसानं मला असं कितीदा गप्प केलं, त्याची गणती नाही.

बाहेरच्या माणसाला हे काम समजत नाही, म्हणून सोपं करून सांगतो. आपल्याकडं सुईची नशा कुठून आली, असं लोक विचारतात. इथूनच आली. जालन्याच्या लोखंडाच्या भट्ट्यांवर बारा-बारा तास उभी राहणारी माणसं आहेत. शहागडच्या हायवेवर ट्रक थांबतात. अंगदुखीसाठी कुणीतरी कुणाला दुखणं मारायचं इंजेक्शन टोचतं, पहिल्यांदा फार बरं वाटतं, आणि वर्षभरात त्या इंजेक्शनाशिवाय सकाळी उठता येत नाही. मजा केव्हाच संपलेली असते. न घेतलं तर अंग तुटतं, नाक गळतं, पोटात मुरडा येतो, माणूस फरशीवर लोळतो. तेवढं थांबावं म्हणून तो घेतो. सुई एक आणि माणसं तीन असली, तर एकाचा रोग तिघांना होतो. म्हणून नव्या सुया द्यायच्या, वापरलेल्या परत आणायच्या, गळवं धुऊन पट्टी करायची. "सोड" असं म्हणायचं नाही. सोडावंसं वाटलं तर दार उघडं आहे, एवढं कळवायचं.

जो दारातून आत येईल, त्याला आम्ही एक गोळी द्यायचो. तिचं नाव लांबलचक आहे, केंद्रात सगळे तिला दवा म्हणत. ती घेतली की अंग तुटत नाही, नशाही चढत नाही, माणूस कामाला जाऊ शकतो. पण ती रोज घ्यावी लागते, आणि केंद्रात येऊन, माझ्या डोळ्यांसमोर. गोळी कुणी बाहेर नेऊन विकू नये म्हणून मी ती कुटून भुकटी करायचो आणि जिभेखाली टाकायचो. ती विरघळायला सात-आठ मिनिटं लागतात. तेवढा वेळ गिळायचं नाही, बोलायचं नाही. गिळली तर पोटात जाऊन वाया जाते. बोललं तर लाळेबरोबर बाहेर येते. शेवटी मी बॅटरी लावून बघायचो. "जीभ वर करा." जीभ वर. "जा." भिंतीवर मी स्वतःच्या वळणदार अक्षरात पाटी लिहून लावली होती: दवा विरघळेपर्यंत बोलू नये.

बाकावर आठ-दहा माणसं ओठ मिटून रांगेत बसलेली असत. रिक्षावाले, भट्टीवाले, एक न्हावी, एक माजी पैलवान. मला ती वेळ फार आवडायची. कारण मी बोलायचो आणि त्यांना ऐकावंच लागायचं. व्यायाम, बायकापोरं, स्वच्छता, काय वाटेल ते. तीस वर्षं खिडकीवर लोकांची बडबड ऐकली होती, इथं उट्टं काढत होतो. एकदा सलीमभाई दारातून म्हणाला, "काका, ह्यांच्या तोंडात दवा हाय म्हणून तुमचं भाषण चालू हाय. एक दिवस दवा न टाकता बोलून बघा, सगळे पळून जातील." सगळे नाकातून हसले. एकाची भुकटी त्या हसण्यात गेली.

हेल्मेटवाले सर राजूरकडचे. शाळेत शिक्षक, मोठ्या शेतकरी घराण्यातले, आमच्या नात्यागोत्यातच पडतील असे. पाठीच्या ऑपरेशननंतरच्या दुखण्यातून त्यांना सुई लागली होती. मोटारसायकलवरून यायचे ते हेल्मेट घालूनच आत यायचे, काच खाली. माझ्यासमोर काच वर करायची, जीभ वर करायची, भुकटी पडली की काच पुन्हा खाली. बाकावर इतरांबरोबर बसायचं नाही म्हणून मी त्यांना औषधाच्या खोलीत माझी खुर्ची द्यायचो. संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी राजूरच्या गणपतीचा प्रसाद आणून सगळ्यांना वाटायचे, तेही हेल्मेट घालून. पैलवान त्यांना म्हणायचा, "सर, प्रसाद द्यायला तरी तोंड दाखवा, गणपतीला काय वाटंल?" सरांचं खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

सलीमभाईचा एकच किस्सा सांगतो. भंगाराच्या गोदामामागं एक जण निळा पडला होता. श्वास मिनिटाला दोन-तीन. भोवती माणसं जमलेली, कुणी चप्पल हुंगवतंय, कुणी कांदा. आम्ही दोघं पोचलो. सलीमभाईनं त्याची मान मागं केली, तोंडाला तोंड लावून श्वास भरला, आणि मी उतारा इंजेक्शन दंडात दिलं. अशा तोंडाला तोंड लावायला माझं मन झालं नसतं, हेही लिहून ठेवतो. चारेक मिनिटांनी तो माणूस एकदम उठून बसला, सलीमभाईकडं पाहिलं आणि आईवरून शिवी दिली. कारण उताऱ्यानं त्याची सगळी नशा उतरली होती. सलीमभाई तोंड पुसत म्हणाला, "दे, अजून दे. शिव्या द्यायला माणूस जिता लागतो." त्या दिवशी घरी येताना मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा मी खरं औषध दिलं.

आता भास्कर.

भास्कर शहागडचा. हायवेला त्याचं पंक्चरचं दुकान होतं. पत्र्याचं शेड, हवेची टाकी, बाहेर टांगलेलं टायर. वय चाळिशीच्या आतलं. आधी ट्रकवर होता, तिथं सुई लागली. बायको कांता आणि एक मुलगी. तो रोज सकाळी शहागडहून निघायचा, अंबडवरून जालन्याला यायचा, दवा घ्यायचा आणि परत. जायला-यायला तीन-साडेतीन तास. त्या आठ मिनिटांसाठी. चौदा महिने त्यानं एक दिवस चुकवला नव्हता. त्या चौदा महिन्यांत दुकान पुन्हा उभं राहिलं होतं. मुलगी शाळेतून घरी येऊन सांगते, की पप्पा आता दुपारी झोपत न्हाईत, असं तो एकदा हसून म्हणाला होता.

आत आला की "जय भीम, काका" म्हणायचा. मी "नमस्कार" म्हणायचो. चौदा महिन्यांत मी एकदाही जय भीम म्हटलं नाही. त्यानंही कधी सोडलं नाही.

त्यानं एकदा विचारलं होतं, "काका, आठवड्यातून दोन दिवसांची दवा घरी न्यायला देता का? गिऱ्हाईक सकाळचंच येतं. बायकोला टायर काढायला लागतंय." तशी सोय होती. भरवशाच्या माणसाला डॉक्टरांच्या सहीनं गोळ्या घरी देता यायच्या. हेल्मेटवाल्या सरांना मी आठवड्याच्या देत होतो. भास्करला म्हणालो, "बघू." बघू म्हणजे नाही, हे त्याला कळलं.

एका शुक्रवारी औषधाच्या लोखंडी कपाटाचं दार अडकलं. भास्करच्या पिशवीत पाना-पकड असायचीच. मीच त्याला आत बोलावलं. त्यानं फळी काढली, बिजागरी सरळ केली, आतली धूळ स्वतःच्या रुमालानं पुसली, दार लावून दाखवलं. पंधरा-वीस मिनिटं कपाट उघडं होतं. सलीमभाई दारात उभा राहून त्याच्याशी गप्पा मारत होता. सर माझ्या खुर्चीत हेल्मेट घालून बसले होते.

शनिवारी सकाळी मी साठा मोजला. सोमवारी वरून तपासणीला लोक येणार होते. एक स्ट्रिप कमी. दहा गोळ्या. पुन्हा मोजलं. कमी. तिसऱ्यांदा मोजलं, तरी कमीच. ही गोळी साधी नव्हे, ती हरवली तर पोलीस येऊ शकतात. माझ्या डोक्यात तीस वर्षांचा तो गर्व होता आणि दुसरं काही नव्हतं. कोण आत आलं होतं? भास्कर. सरही आले होते, दर वेळी कपाटाला पाठ टेकून बसत होते. त्यांचं नाव माझ्या मनात आलंसुद्धा नाही. का आलं नाही, ते मला आज चांगलं कळतं. वाचकालाही कळेल.

मी बाहेर आलो. भास्कर बाकावर बसलेला. भुकटी मीच टाकली होती, दोन मिनिटंही झाली नव्हती.

"भास्कर, काल कपाटातून काय नेलंस?"

त्यानं वर पाहिलं. मान हलवली, नाही.

"मान काय हलवतोस? तोंडानं बोल. एक स्ट्रिप कमी आहे."

त्यानं पाच बोटं दाखवली. पाच मिनिटं थांबा. मग भिंतीवरच्या पाटीकडं बोट केलं. माझ्याच पाटीकडं. बाकावर कुणीतरी नाकातून हसलं, आणि मला वाटलं, हा माझी चेष्टा करतोय.

"चोर पकडला गेला की असाच गप्प बसतो," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "बरं झालं, तुला घरी न्यायला दिल्या नाहीत. शहागडला दुकानच टाकलं असतंस गोळ्यांचं."

बाकावरचे सगळे खाली बघत होते. भास्कर माझ्याकडं बघत होता. त्याचे ओठ घट्ट मिटलेले आणि डोळे भरून आलेले. मी म्हणालो, "बोल. खरा असशील तर बोल."

तो उठून उभा राहिला आणि बोलला. "काका, म्या न्हाई घेतली. पोरीची शप्पथ." बोलताना पांढरी लाळ हनुवटीवर आली आणि शर्टावर गळाली.

मी म्हणालो, "बघा. दवा थुंकली. सगळ्यांनी बघितलं."

त्यानं बाहीनं तोंड पुसलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "काका, चोरीचं मागून बघा. आजची दवा तेवढी पुन्हा टाका. सगळी सांडली. आज न्हाई मिळाली तर रात्रीतून अंग तुटंल, उद्या दुकान न्हाई उघडायचं माझ्यानं."

मी आत जाऊन खिडकी लावली आणि रजिस्टर उघडलं. भास्करच्या नावापुढं लिहिलं: "रुग्णाने औषध थुंकले. साठ्यातील तुटीबाबत संशय. औषध बंद." डॉक्टरीणबाई आठवड्यातून दोन दिवस यायच्या. त्यांना फोन लावला. त्यांनी विचारलं, "नक्की थुंकला का?" मी म्हणालो, "हो मॅडम, सगळ्यांसमोर." त्यांनी विचारलं, "त्याचं काय म्हणणं आहे, ते ऐकून घेतलंत?" मी म्हणालो, "घेतलं, मॅडम."

दुपारी सलीमभाई फिल्डवरून आला. त्याला पैलवानानं सांगितलं होतं. तो माझ्या टेबलापाशी उभा राहिला. "काका, तुमी त्याला बोलायला लावलं, आन् बोलला म्हणून दवा बंद केली?"

"नियम आहे."

"नियम तर हाय. तुमच्याच अक्षरात हाय. तो नियम पाळून राह्यला होता, तोडायला कुणी लावला?"

मी म्हणालो, "सलीम, तुला या लोकांचा पुळका आहे, कारण तू त्यांच्यातलाच आहेस." एवढ्या वर्षांत तेवढं एकदाच मी त्याला गप्प केलं.

भास्कर रविवारी आला, सोमवारी आला, मंगळवारी आला. दारासमोरच्या दगडावर बसून राहायचा. नाक पुसत, पाय पोटाशी घेऊन. सोमवारी तपासणीची माणसं त्याच्या शेजारूनच आत आली. त्यांनी माझी नोंद वाचली आणि संबंधित रुग्णावर तत्काळ कारवाई केल्याबद्दल मला शाबासकी दिली. बुधवारी दगड मोकळा होता.

सतराव्या दिवशी स्ट्रिप सापडली. माझ्या घरी.

झालं होतं असं. त्या आठवड्यात आमचा एक रुग्ण क्षयाच्या वॉर्डात भरती होता आणि त्याची दवा मी रोज जाता जाता नेऊन देत होतो. गोळ्या खिशात चुरतात म्हणून स्ट्रिप चष्म्याच्या डबीत ठेवायचो. गुरुवारी घाईत आणखी एक स्ट्रिप काढली, डबीत टाकली, आणि नोंद करायची राहिली. शुक्रवारी त्या रुग्णाला घरी सोडलं आणि संध्याकाळी माझा नवा चष्मा आला. जुना चष्मा डबीसकट घरच्या कपाटात गेला. नव्या चष्म्याची काडी ढिली झाली म्हणून मी जुना काढायला गेलो, तर डबीत चष्म्याखाली ती स्ट्रिप. दहाच्या दहा गोळ्या.

मी पलंगावर बसलो. बायकोनं विचारलं, काय झालं? मी म्हणालो, काही नाही.

इथं मला सरळ सांगायचं आहे. चूक कुणाचीही होते. स्ट्रिप विसरणं ही चूक होती, आणि ती मला माफ झाली असती. त्यानंतर मी जे केलं, ती चूक नव्हती. दुसऱ्या दिवशी ती स्ट्रिप मी खिशात घालून केंद्रात नेली, कपाटाच्या खालच्या फळीमागं सरकवली, आणि दोन दिवसांनी सगळ्यांसमोर कपाट हलवून 'शोधून' काढली. साठ्याच्या वहीत लिहिलं: "फळीमागे पडलेली आढळली. साठा बरोबर." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चला, सुटलो." सलीमभाई कपाटाकडं बघत राहिला. "त्या दिवशी भास्करनं ही फळी काढली होती, काका. रुमालानं पुसली होती. मी इथंच उभा होतो. मागं काय बी नव्हतं."

मी म्हणालो, "नंतर पडली असेल."

"असंल," तो म्हणाला. पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही. पण त्या दिवसापासून माझ्या हातचा चहा तो घेईनासा झाला.

मी त्याला सांगितलं, भास्करला बोलावून आण, पुन्हा सुरू करू. तो म्हणाला, "काय सांगू त्याला? काका चुकले म्हणून सांगू?" मी म्हणालो, "नुसतं बोलाव." सलीमभाई शहागडला जाऊन आला. निरोप आणला: "त्या माणसापुढं मी आता तोंड उघडणार न्हाई."

भास्करनं पुन्हा सुई घेतली होती, पुलाखाली, ट्रकवाल्यांबरोबर. सलीमभाई आठवड्यातून एकदा जाऊन त्याला नव्या सुया द्यायचा. त्याच्या डाव्या दंडाला गळू झालं. सलीमभाई धुऊन पट्टी करायचा, दवाखान्यात चल म्हणायचा. तो जाईना. पांढरे कपडे घातलेल्या माणसावर त्याचा विश्वास उरला नव्हता. गेला तेव्हा हात काळा पडलेला. कोपराखाली कापावा लागला.

हे कळल्यावरही मी चार महिने काढले. मग एका सकाळी सलीमभाईला न सांगता शहागडची बस धरली. रस्ताभर एकच वाक्य घोकत होतो. पोचलो तर भास्कर दुकानात स्टुलावर बसलेला, उजव्या हातात ट्यूब धरून पाण्याच्या टबात बुडबुडे शोधत होता. कांता टायर उतरवत होती. माझ्याकडं बघून तो उभा राहिला.

"जय भीम, काका. या. बसा. कांता, चहा सांग गं समोर."

मला स्टूल दिलं. तो टायरवर बसला. मी त्याच्या मुलीचं विचारलं. पाऊसपाणी, गोदावरीला पाणी किती, रस्त्याचं काम. तो उत्तरं देत होता. चहा आला. मग तोच म्हणाला, "काका, एक विचारू? ती स्ट्रिप सापडली का हो?"

त्यानं दार उघडून दिलं होतं. मला फक्त आत जायचं होतं. कांता टायर सोडून ऐकायला उभी राहिली होती. समोरच्या हॉटेलवाल्याचा माणूस कप न्यायला थांबला होता. तिघं जण माझ्या तोंडाकडं बघत होते आणि मी म्हणालो, "ते प्रकरण मिटलं, भास्कर."

"मिटलं म्हंजे? कुणी नेल्ती?"

"ते काही कळलं नाही."

त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मला वाटलं सापडली, म्हणून तुमी आलात. म्हटलं, काका एवढे लांब आले, म्हंजे सापडली आसंल."

मी चहा संपवला. केंद्रात ये, दवा पुन्हा सुरू करू, असं काहीतरी पुटपुटलो. तो "बघू" म्हणाला. बस आली आणि मी गेलो.

अकरा महिन्यांनी भास्कर गेला. सुईतून रक्तात जंतू गेले आणि हृदयाच्या झडपेला लागले, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याची दवा मी बंद केली नसती तर तो आज असता का, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. आमच्याकडचे दवा घेणारेही काही जण गेले. पण चौदा महिने रोज साडेतीन तास प्रवास करणारा माणूस मी दारातून परत पाठवला, आणि पाठवायचं कारण माझ्या चष्म्याच्या डबीत होतं. एवढं मी सांगू शकतो.

ते केंद्र आता त्या जागी नाही. मी काम सोडलं, नंतर संस्थेनं जागा बदलली, जुनी रजिस्टरं कुठल्या खोलीत पडली आहेत कोण जाणे. मी शोधायला गेलो होतो. त्या ओळीवर काट मारून खाली सही करायची होती. रजिस्टर मिळालं नाही. म्हणून ते इथं करतो. भास्करनं स्ट्रिप घेतली नव्हती. त्यानं औषध थुंकलं नव्हतं. मी त्याला बोलायला लावलं. ती ओळ खोटी आहे आणि ती मी लिहिली आहे. सलीमभाईला मी जे बोललो, तेही मागं घेतो. मी त्याला फोनवर तसं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "माझं सोडा, काका. शहागडला जाऊन या."

गेल्या दिवाळीच्या आधी गेलो. दुकान तेच आहे. कांता चालवते. हायवेवर बाई पंक्चर काढते म्हणून ट्रकवाले आधी हसायचे, आता नावानं विचारत येतात. मुलगी अंबडला कॉलेजात आहे. कांतानं मला ओळखलं. बसा म्हणाली नाही.

मी उभ्यानंच सुरू केलं. "कांता, ती स्ट्रिप..."

"सलीमभाई बोलले होते," ती पाना कापडानं पुसत म्हणाली. "अंदाजानं बोलले होते. मला खरं वाटलं न्हवतं. म्हटलं, म्हातारा माणूस, दारात येऊन चहा पिऊन गेला, तो कसा असं करंल? आता तुमी आलात म्हंजे खरं हाय."

"मला भास्करची..."

"मला नका सांगू." तिनं आवाज चढवला नाही. "मी नव्हते त्या बाकावर. ज्यांना सांगायचं व्हतं ते हितं टायरवर बसले होते, तुमच्या समोर. तुमी गेल्यावर म्हणले, काकाला काहीतरी बोलायचं व्हतं गं, तुमी सगळे उभे होते म्हणून बोलले न्हाईत. पुन्हा येतील. अकरा महिने कुणी बसमधून उतरलं की बघायचे."

एक ट्रक येऊन थांबला. मागचं चाक बसलं होतं. ड्रायव्हरनं वरूनच "ताई, जल्दी करा" म्हणून हाक मारली. कांतानं जॅक उचलला आणि ट्रकखाली वाकली.

मी तिथंच उभा राहिलो. चाक उतरलं, ट्यूब निघाली, पंक्चर सापडलं, चाक पुन्हा चढलं. तेवढ्या वेळात तिनं एकदाही वर पाहिलं नाही. बसमध्ये घोकून आणलेलं वाक्य फार लहान होतं. भास्कर, ती स्ट्रिप माझ्याकडं होती, मला माफ कर. ते म्हणायला कुणीच समोर नव्हतं. अंबडची गाडी आली आणि मी चढलो.